रिकामा रकाना

१० फेब्रुवारी २०१७ च्या रात्री मेम्फिसमध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या ड्रेमंड ग्रीनने अवघे ४ गुण केले. दुसऱ्या दिवशी फक्त गुणांचा रकाना पाहणाऱ्याला वाटलं असेल की हा गडी काल नुसता मैदानात फिरून आला. पण त्याच ओळीत जरा उजवीकडे सरकलं की १२ रिबाउंड (चुकलेला शॉट पकडणं), १० असिस्ट (बास्केट मिळवून देणारा पास), १० स्टील (चेंडू हिसकावणं) आणि ५ ब्लॉक (शॉट अडवणं) दिसतात. एकाच सामन्यात तीन रकान्यांत दोन अंकी आकडा गाठला की त्याला ट्रिपल डबल म्हणतात. गुणांचा रकाना वगळून ती कामगिरी करणारा ग्रीन हा एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या इतिहासातला पहिला खेळाडू ठरला. वॉरियर्सनी सामना १२२-१०७ असा जिंकला.

हाच खेळ ग्रीन १९७३ च्या आधी खेळला असता तर? तेव्हा एनबीएत स्टील आणि ब्लॉक अधिकृतपणे मोजतच नसत. त्याच्या नावापुढे ४ गुण, १२ रिबाउंड, १० असिस्ट एवढंच उरलं असतं. पंधरा वेळा त्याने प्रतिस्पर्ध्यांच्या तोंडचा घास काढून घेतला, ही गोष्ट त्या रात्री मेम्फिसच्या स्टेडियममध्ये बसलेल्यांच्या आठवणीत राहिली असती आणि त्यांच्याबरोबरच संपली असती. खेळ तोच, माणूस तोच, घामही तेवढाच. फरक फक्त कागदावर आखलेल्या उभ्या रेघांचा. बास्केटबॉलच्या आकडेवारीबद्दल बोलायचं तर सुरुवात या रेघांपासून करायला हवी, कारण खेळाडूचं मोल ठरवताना लोक आकड्यांवर वाद घालतात आणि रेघा कुणी, कधी, का आखल्या हे कुणी विचारत नाही.

सामना संपला की जो तक्ता छापला जातो त्याला बॉक्स स्कोअर म्हणतात. प्रत्येक खेळाडूला एक ओळ: किती मिनिटं खेळला, किती शॉट मारले, किती आत गेले, फ्री थ्रो किती, रिबाउंड किती, असिस्ट किती. या तक्त्याची वंशावळ क्रिकेटच्या धावफलकापर्यंत जाते. हेन्री चॅडविक हा इंग्लंडात जन्मलेला पत्रकार अमेरिकेत क्रिकेटच्या बातम्या लिहीत असे. तो बेसबॉलकडे वळला आणि १८५९ मध्ये त्याने त्या खेळासाठी असा तक्ता तयार केला. पुढे इतर अमेरिकी खेळांनी तो उचलला, बास्केटबॉलनेही.

क्रिकेट आणि बेसबॉलला हा तक्ता शोभून दिसतो. एक टाकणार, एक मारणार; दोन चेंडूंच्या मध्ये सगळं थांबतं; प्रत्येक घटनेचा धनी ठळक असतो. गोलंदाजाने त्रिफळा उडवला तर विकेट कुणाच्या नावावर लिहायची याची चर्चा करावी लागत नाही. बास्केटबॉल मात्र वाहता खेळ आहे. दहा जण एकाच वेळी धावतात आणि चेंडू एक. ४८ मिनिटांचे दहा वाटे केले तर प्रत्येक जागेच्या वाट्याला चेंडू सरासरी पाच मिनिटंसुद्धा येत नाही. उरलेली त्रेचाळीस मिनिटं खेळाडू काय करतो? तो आडवा उभा राहून सहकाऱ्याचा रस्ता मोकळा करतो, प्रतिस्पर्ध्याला त्याच्या आवडत्या जागेवर पाय रोवू देत नाही, ओरडून मागच्याला सावध करतो, कोपऱ्यात नुसता उभा राहूनही एका बचावपटूला आपल्याकडे खेचून ठेवतो. यातलं काहीही त्या जुन्या तक्त्यात उतरत नाही. चेंडूला हात लागला तरच नोंद, अशी त्याची घडण आहे.

रकाने वाढत गेले, पण सावकाश. ब्लॉक आणि स्टील १९७३-७४ च्या हंगामात आले. हातातला चेंडू गमावल्याची, म्हणजे टर्नओव्हरची, वैयक्तिक नोंद १९७७-७८ पासून. तीन गुणांची रेषा १९७९-८० मध्ये आखली गेली. एखादा खेळाडू मैदानात असताना त्याच्या संघाने किती गुणांची आघाडी घेतली किंवा गमावली, हे सांगणारा प्लस-मायनसचा रकाना अधिकृत तक्त्यात यायला २००७-०८ चा हंगाम उजाडला.

या तारखांमध्ये एक मोठा अन्याय दडलेला आहे. बोस्टन सेल्टिक्सचा बिल रसेल १३ हंगामांत ११ वेळा विजेत्या संघात होता. शॉट अडवणं ही एक कला आहे, चेंडू प्रेक्षकांत भिरकावण्यापेक्षा तो आपल्याच सहकाऱ्याच्या हाती पडेल असा अडवावा, हे त्याने बास्केटबॉलला शिकवलं. तो १९६९ मध्ये निवृत्त झाला. त्याचा मोठा प्रतिस्पर्धी विल्ट चेंबरलेन याचा शेवटचा हंगाम १९७२-७३. ब्लॉकचा रकाना उघडला तो अगदी पुढच्याच हंगामात. बास्केटसमोर भिंतीसारख्या उभ्या राहिलेल्या त्या काळातल्या दोन सर्वांत उंच कर्तृत्वाच्या माणसांच्या अधिकृत नोंदीत त्यामुळे एकही ब्लॉक नाही. तिथे शून्यसुद्धा लिहिलेलं नाही, जागा रिकामी आहे. नव्या पिढीचा चाहता सर्वकालीन यादी उघडतो तेव्हा त्यात ही दोन्ही नावं त्याला दिसत नाहीत.

रसेल आणि चेंबरलेन यांच्या जोडीतच आकड्यांचा सगळा झगडा सापडतो. १९६१-६२ चा हंगाम घ्या. त्या वर्षी चेंबरलेनने सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण आणि २५.७ रिबाउंड मिळवले. त्याच हंगामात ऑस्कर रॉबर्टसनची संपूर्ण हंगामाची सरासरीच ट्रिपल डबलची होती: ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड, ११.४ असिस्ट. रसेलची गुणांची सरासरी १८.९. त्या काळी हंगामातला सर्वांत मौल्यवान खेळाडू खुद्द खेळाडूच मतदानाने निवडत. त्यांनी रसेलला निवडलं. रोज रात्री ज्यांना चेंबरलेनशी झुंजावं लागे आणि ज्यांचे शॉट रसेल अडवत असे, त्या माणसांचं हे मत होतं. आज ती निवड अनेकांना विचित्र वाटते, कारण आज हातात फक्त तक्ता उरला आहे.

आणि त्याच हंगामातली ती रात्र. २ मार्च १९६२, पेनसिल्व्हेनियातलं हर्शी हे चॉकलेटच्या कारखान्याचं गाव. चेंबरलेनचे फिलाडेल्फिया वॉरियर्स विरुद्ध न्यू यॉर्क निक्स. प्रेक्षक ४,१२४. दूरचित्रवाणीवर प्रक्षेपण नव्हतं, सामन्याचं चित्रीकरणही नाही. चेंबरलेनने १०० गुण केले: ६३ पैकी ३६ शॉट आत, ३२ पैकी २८ फ्री थ्रो. सामन्यानंतर हार्वी पोलॅकने एका कागदावर हाताने १०० हा आकडा लिहिला आणि तो चेंबरलेनच्या हातात दिला. त्या कागदासह काढलेलं छायाचित्र जगभर गेलं. पोलॅक संघाचा प्रसिद्धिप्रमुख होता आणि त्या रात्री वृत्तसंस्थांना बातमीही तोच पुरवत होता. लीगच्या पहिल्या, १९४६-४७ च्या हंगामापासून कामाला लागलेला हा माणूस २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत आकडे नोंदवत राहिला. त्याच्यासारख्यांनी पेन्सिल उचलली नसती तर हर्शीची रात्र दंतकथा होऊन राहिली असती. आकड्यांच्या बाजूने उभं राहायचं तर याहून भक्कम पुरावा नाही.

पण त्याच तक्त्यातल्या दुसऱ्या ओळीही वाचायला हव्यात. गाय रॉजर्सने त्या रात्री २० असिस्ट दिले. अल अॅटल्सने ८ शॉट मारले आणि आठही आत गेले. त्याचे १७ गुण झाले. एकही शॉट न चुकवण्याची ही कामगिरी कोणत्याही इतर रात्री बातमीचा मथळा झाली असती. शेवटच्या मिनिटांत तर खेळाचं रूपच पालटलं. शंभरी होऊ नये म्हणून निक्सचे खेळाडू चेंबरलेनला सोडून बाकीच्यांना मुद्दाम फाउल करू लागले, आणि चेंडू लवकर परत मिळावा म्हणून वॉरियर्स निक्सना फाउल करू लागले. आघाडीवर असलेल्या संघाने मुद्दाम फाउल करणं हे बास्केटबॉलच्या व्यवहारबुद्धीला सोडून आहे. १६९-१४७ असा निकाल लागलेल्या त्या सामन्याच्या अखेरीला दोन्ही संघ एकमेकांशी खेळायचं थांबून एका आकड्याशी खेळत होते.

नोंद करणारा हात माणसाचा असतो, हेही विसरून चालत नाही. गुण निर्विवाद असतात. चेंडू जाळीतून गेला की गेला. असिस्टचं तसं नसतं. पास मिळालेल्या खेळाडूने लगेच बास्केटकडे झेप घेतली की मध्ये दोन-तीन ड्रिबल करून, बचावपटूला स्वतःच्या बळावर चुकवून शॉट मारला? पहिल्या वेळी असिस्ट द्यायचा, दुसऱ्या वेळी नाही. ही सीमारेषा टेबलाशी बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत असते, आणि तो माणूस यजमान संघाने नेमलेला असतो. नव्वदच्या दशकात व्हँकुव्हर ग्रिझलीजच्या सामन्यांच्या नोंदी करणाऱ्या एकाने पुढे कबूल केलं की त्याने असिस्ट सढळ हाताने वाटले होते.

हकीम ओलाजुवानची कथा याच सीमारेषेवर घडली. मार्च १९९० च्या सुरुवातीला ह्यूस्टनमध्ये गोल्डन स्टेटविरुद्ध तो चार रकान्यांत दोन अंकी आकडा गाठण्यापासून फक्त एका असिस्टने दूर राहिला. सामना संपल्यावर संघाच्या लोकांनी चित्रफीत पुन्हा पाहिली आणि निसटलेला दहावा असिस्ट शोधून काढला. लीगने ती दुरुस्ती फेटाळली. ओलाजुवानने तक्रारीत वेळ घालवला नाही. त्याच महिन्यात, २९ मार्चला मिलवॉकीविरुद्ध त्याने १८ गुण, १६ रिबाउंड, १० असिस्ट आणि ११ ब्लॉक अशी बिनतोड कामगिरी नोंदवली. अशी चौपदरी कामगिरी एनबीएच्या अधिकृत नोंदीत फक्त चौघांच्या नावावर आहे. रॉबर्टसन किंवा चेंबरलेन यांनी ती कधी केली होती का, याचं उत्तर देणारा रकाना त्यांच्या काळी नव्हता.

आता मुख्य मुद्दा. नोंद अपुरी असली, तरी ती निरुपद्रवी असती तर एवढं लिहिण्याचं कारण नव्हतं. पण जे मोजलं जातं त्यावर बक्षीस ठेवलं की खेळाडू मोजणीसाठी खेळू लागतात, आणि खेळ आतून बदलतो.

९ एप्रिल १९७८, हंगामाचा शेवटचा दिवस. सर्वाधिक सरासरीचा किताब डेव्हिड थॉम्पसनला मिळणार की जॉर्ज गर्व्हिनला, याचा फैसला बाकी होता. दुपारी डेट्रॉइटमध्ये थॉम्पसनने डेन्व्हरसाठी ७३ गुण केले. संध्याकाळी न्यू ऑर्लिन्समध्ये गर्व्हिनने सॅन अँटोनियोसाठी ६३ गुण करून २७.२२ विरुद्ध २७.१५ अशा केसाएवढ्या फरकाने किताब खेचून घेतला. ही चुरस आजही रंगवून सांगितली जाते. सांगताना एक गोष्ट सहसा राहून जाते: डेन्व्हर १३९-१३७ असं हरलं आणि सॅन अँटोनियो १५३-१३२ असं हरलं. दोघांचे मिळून १३६ गुण आणि दोन्ही संघांचा पराभव.

२००३ च्या मार्च महिन्यात क्लीव्हलँडच्या रिकी डेव्हिसने याच वाटेचं शेवटचं टोक गाठलं. यूटाविरुद्ध सामना हातात होता आणि त्याला पहिल्या ट्रिपल डबलसाठी एक रिबाउंड कमी पडत होता. शेवटच्या क्षणांत त्याने स्वतःच्याच बास्केटवर मुद्दाम चेंडू मारून तो परत पकडला. यूटाच्या खेळाडूंना तो अपमान वाटला, एकाने त्याला तिथेच जोराचा फाउल केला. लीगने रिबाउंड मोजला नाही आणि त्याच्याच संघाने त्याला दंड ठोठावला. डेव्हिसवर सगळे तुटून पडले, ते योग्यही होतं. तरीही प्रश्न उरतो. नऊ रिबाउंड आणि दहा रिबाउंड यांत खेळाच्या दृष्टीने काय फरक आहे? काहीच नाही. फरक निर्माण केला तो दोन अंकी आकड्याच्या कौतुकाने, आणि ते कौतुक डेव्हिसने एकट्याने उभं केलेलं नव्हतं.

डेव्हिसची चोरी उघडी पडली कारण ती भोंगळ होती. शहाणे खेळाडू वर्षानुवर्षं एक सभ्य चोरी करत आले. पाव सामना संपायला दोन सेकंद उरली असताना स्वतःच्या हद्दीत चेंडू हाती आला, तर तो साठ फुटांवरून भिरकावणं हेच संघाच्या हिताचं असतं. गेला तर तीन गुण, नाही गेला तर नुकसान काहीच नाही. पण चुकलेला प्रत्येक शॉट त्या खेळाडूच्या टक्केवारीतून वजा होतो. म्हणून अनेक जण घंटा वाजेपर्यंत चेंडू हातात घोळवत आणि वेळ संपल्यावर मग फेकत. संघाचे तीन संभाव्य गुण जात, ओळीतली टक्केवारी शाबूत राही. शेवटी २०२५-२६ च्या हंगामापासून लीगने नोंदीचा नियमच बदलला: पहिल्या तीन पावांच्या शेवटच्या तीन सेकंदांत, स्वतःच्या हद्दीतून सुरू झालेल्या चालीत ३६ फूट किंवा त्याहून लांबून मारलेला शॉट चुकला तर तो खेळाडूच्या खात्यात न लिहिता संघाच्या खात्यात लिहायचा. खेळाचा एकही नियम यात बदललेला नाही. बदलली ती कारकुनी. खेळाडू तक्त्याकडे डोळा ठेवून खेळतात, याची याहून स्पष्ट कबुली लीगकडून मिळणार नाही.

खेळाडूंना तरी दोष का द्यावा? सात ते नऊ वर्षं खेळलेल्या खेळाडूची निवड हंगामाच्या सर्वोत्तम संघांत झाली, तर त्याला संघाच्या वेतनमर्यादेच्या ३५ टक्क्यांपर्यंतचा करार मिळू शकतो. नाही झाली तर साधारण ३० टक्के. निवड करतात पत्रकार, आणि पत्रकारांना सगळे सामने पाहणं शक्य नसतं. त्यांच्यापुढे तक्ते असतात. कोट्यवधी डॉलर अशा ओळींना टांगलेले असताना त्या ओळी सजवण्याचा मोह माणसाला झाला नाही तरच नवल.

जुगाराने हा मोह आणखी खोल नेला. मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या सट्ट्याला राज्यांनी परवानगी देण्याचा मार्ग मोकळा केला. त्यानंतर सामना कोण जिंकणार याबरोबरच अमुक खेळाडू अमुक रिबाउंडच्या वर जाणार की खाली, यावर पैज लावणं सोपं झालं. टोरांटो रॅप्टर्सच्या जाँटे पोर्टरने २० मार्च २०२४ रोजी सॅक्रामेंटोविरुद्ध तीन मिनिटंसुद्धा न खेळता आजारी असल्याचं सांगून मैदान सोडलं. त्याचे आकडे ठरावीक मर्यादेच्या खाली राहणार, यावर ८० हजार डॉलर लावले गेले होते. मिळणार होते ११ लाख. एप्रिलमध्ये लीगने त्याच्यावर आजन्म बंदी घातली. सामना हरवायला सहसा अनेक जण सामील करावे लागतील; एक ओळ बिघडवायला एक माणूस पुरतो. संघाच्या निकालापासून खेळाडूची ओळ वेगळी काढून विकली की काय होतं, ते इथे दिसलं. भारतातही मुंबईत मुख्यालय असलेल्या ड्रीम ११ सारख्या कंपन्यांनी खेळाडूंच्या वैयक्तिक आकड्यांवरच पैशांचे खेळ उभे केले होते. ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानंतर ते बंद झाले. पण सामना बघताना संघ विसरून आपापले अकरा शोधण्याची सवय लाखो प्रेक्षकांना लागून गेली आहे.

मग आकडे बाजूला सारून नजरेवर भरवसा ठेवावा का? मुळीच नाही. नजर आकड्यापेक्षा जास्त फसवते. तिला उंची आवडते, उडी आवडते, डोक्यावरून मारलेला डंक आवडतो. निकोला योकिच २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, ४१ वा निवडला गेला, कारण तो जाडसर होता, संथ होता आणि उडी मारत नव्हता. पुढे २०२१ मध्ये तो सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. इतक्या मागून निवडला गेलेला कोणीही त्याआधी तिथवर पोचला नव्हता. तीन गुणांच्या शॉटचंही तसंच. शंभरांपैकी पस्तीस आत जाणारा लांबचा शॉट हा साडेबावन्न टक्के आत जाणाऱ्या जवळच्या शॉटएवढाच फलदायी, हा शाळकरी गुणाकार आहे. तरीही नजरेला पस्तीस टक्के हे अपयश वाटत राहिलं. १९७९-८० मध्ये एक संघ सामन्यामागे तीनसुद्धा असे शॉट मारत नसे. आज पस्तीसच्या वर मारतो. हा हिशेब नजरेने मांडलेला नाही.

म्हणजे उपाय मोजणं थांबवण्यात नाही. काय मोजायचं राहिलं, याची सतत चौकशी करण्यात आहे. ह्यूस्टन रॉकेट्सचे तेव्हाचे व्यवस्थापक डॅरिल मोरी यांनी अशी चौकशी केली आणि त्यांना शेन बॅटिए सापडला. त्याचे गुण कमी, रिबाउंड बेताचे, असिस्ट नगण्य. पण तो मैदानात असला की त्याचा संघ सरस ठरायचा आणि प्रतिस्पर्ध्यांचा सर्वोत्तम माणूस स्वतःच्या सर्वांत नावडत्या जागेवरून शॉट मारताना दिसायचा. मायकेल लुईस यांनी २००९ मध्ये बॅटिएवर लिहिलेला लेख बास्केटबॉलच्या चर्चेला वळण देणारा ठरला. बॅटिएचं काम न झालेल्या गोष्टींचं होतं. न मारला गेलेला शॉट, न मिळालेली वाट, न पोचलेला पास. न झालेल्या गोष्टीला रकाना कसा आखणार?

२०१६ च्या अंतिम फेरीचा सातवा सामना आठवा, लेब्रॉनचं क्लीव्हलँड विरुद्ध करीचं गोल्डन स्टेट. ८९-८९ अशी बरोबरी, दोनेक मिनिटं बाकी. आंद्रे इगुडाला मोकळ्या मैदानात बास्केटकडे झेपावला आणि मागून धावत आलेल्या लेब्रॉन जेम्सने तो शॉट फळ्यावर चिकटवला. तक्त्यात लेब्रॉनचा एक ब्लॉक. पण इगुडालाला हवेत चेंडू खाली घेऊन पुन्हा वर न्यावा लागला तो समोर आलेल्या जे. आर. स्मिथमुळे, आणि त्या अर्ध्या क्षणाच्या उशिरामुळेच लेब्रॉन पोचू शकला. स्मिथच्या त्या अडथळ्याची नोंद कुठेच नाही. पुढे काइरी अर्विंगने तीन गुणांचा शॉट मारून आघाडी मिळवून दिली आणि उलट चालीत स्टीफन करीसमोर उभा राहिला केव्हिन लव्ह, जो बचावासाठी कधीच नावाजलेला नव्हता. करी डावी-उजवीकडे हुलकावण्या देत राहिला, लव्ह हलला नाही, शॉट चुकला. तक्त्यात करीचा एक चुकलेला शॉट. लव्हच्या ओळीत त्या पराक्रमाचं काहीही नाही. त्याचे त्या दिवशी गुण फक्त ९. प्लस-मायनसच्या रकान्यात मात्र त्याच्यापुढे अधिक १९ आहे. तो मैदानात असताना क्लीव्हलँडने प्रतिस्पर्ध्यापेक्षा १९ गुण जास्त केले, आणि सामना जिंकला फक्त ४ गुणांनी, ९३-८९.

या रकान्यालाही डोक्यावर घेऊ नये. एका सामन्यापुरता प्लस-मायनस बऱ्याचदा सोबत कोण होतं एवढंच सांगतो. उत्तम चौघांबरोबर खेळणारा पाचवा कुणीही चकाकतो. तो खूप सामन्यांवर पसरून, सोबत्यांचा हिशेब वजा करून वाचावा लागतो. लव्हच्या बाबतीत तो खरा वाटतो, कारण नजरेने पाहिलेलं त्याला दुजोरा देतं. आकडा आणि नजर यांची अशी गाठ पडते तेव्हाच निकाल द्यायला जागा होते.

२०१३-१४ पासून लीगच्या सर्व मैदानांच्या छतावर कॅमेरे बसले. आता तर क्रिकेटमधल्या पायचीतच्या निर्णयांमुळे घरोघर ठाऊक झालेली हॉक-आय यंत्रणाच एनबीएत खेळाडूंच्या हालचाली टिपते. स्क्रीन लावून मिळवून दिलेले गुण, हात लावून वळवलेले पास, सुटा चेंडू मिळवण्यासाठी घेतलेल्या उड्या, हे सगळं मोजलं जाऊ लागलं. याचा खरा लाभ कुठे होतो? ५ डिसेंबर २०१६ रोजी क्ले थॉम्पसनने इंडियानाविरुद्ध २९ मिनिटांत ६० गुण केले. जुना तक्ता वाचला तर एका माणसाने एकहाती विध्वंस केल्याचं चित्र उभं राहतं. कॅमेऱ्यांनी सांगितलं की त्या साठ गुणांसाठी थॉम्पसनने चेंडू जमिनीवर एकूण ११ वेळा आपटला आणि तो त्याच्या हातात सगळा मिळून जेमतेम दीड मिनिट होता. म्हणजे उरलेला वेळ तो पळत होता, आणि चार जण त्याला योग्य जागी, योग्य क्षणी चेंडू पोचवत होते. नव्या आकड्याने थॉम्पसनला लहान केलं नाही, त्याचा पराक्रम कसा घडला ते दाखवलं.

आणि काही गोष्टी मोजूनही जमेस धरल्या जात नाहीत. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचा भारतातला पहिला सामना झाला. हजारो शाळकरी मुलं प्रेक्षकांत होती. इंडियाना पेसर्सनी जादा वेळेत सॅक्रामेंटो किंग्जला १३२-१३१ असं हरवलं आणि टी. जे. वॉरनने ३० गुण केले. सामना हंगामपूर्व असल्यामुळे ते ३० गुण वॉरनच्या कारकिर्दीच्या बेरजेत नाहीत. त्या मुलांपैकी ज्यांनी नंतर चेंडू हातात घेतला असेल, त्यांच्यासाठी ते गुण कुठल्याही अधिकृत गुणांपेक्षा खरे आहेत.

महाराष्ट्रातल्या शाळा-महाविद्यालयांच्या स्पर्धांमध्ये मुलांना शिकवणाऱ्यांना, आणि खेळाची पानं भरणाऱ्यांना, एक विनंती करावीशी वाटते. सर्वाधिक गुण कुणाचे, हा पहिला प्रश्न असू नये. संघाची ओळ आधी वाचावी, मग खेळाडूची. आणि ज्याच्या ओळीत फारसं काही नाही पण जो मैदानात असताना संघ पुढे गेला, त्याच्यापाशी थांबून तो काय करत होता ते विचारावं. कोपऱ्यात उभं राहून सहकाऱ्याला वाट करून देणाऱ्या पोराला ते काम कुणी पाहिलं हे कळलं, तर तो पुढच्या सामन्यातही ते करेल. नाही कळलं, तर तोही चेंडू मागू लागेल.

५ मे १९६९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये बिल रसेल शेवटचा सामना खेळला. अंतिम फेरीचा सातवा सामना, समोर लेकर्स, त्यांच्यात चेंबरलेन आणि जेरी वेस्ट. वेस्टने ४२ गुण, १३ रिबाउंड आणि १२ असिस्ट केले. रसेलचे गुण ६, रिबाउंड २१. बोस्टन १०८-१०६ असं जिंकलं. अंतिम फेरीच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाला आणि तो हरलेल्या संघातल्या वेस्टला मिळाला. पराभूत बाजूच्या खेळाडूला तो पुन्हा कधी दिला गेलेला नाही. रसेलला तो मिळण्याची दुसरी संधीच नव्हती. २००९ पासून त्या पुरस्काराला रसेलचं नाव आहे.